पुणे-नागपूर विमान : साइट म्हणते सव्वा तास, माझ्या फोनमधली नोंद म्हणते सहा तास दहा मिनिटं

आधीच सांगून टाकते, एअरलाइनचं नाव टाकणार नाहीये, कुणाची जाहिरात पण करायची नाही आणि बदनामी पण. मागच्या नोव्हेंबरात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या तीन महिन्यांत मी पाचदा विमानाने नागपूरला जाऊन आले. त्याआधीची सात वर्षं मी कट्टर स्लीपर बसवाली, कधीमधी ट्रेन, आणि विमान म्हणजे फक्त ऑफिसच्या पैशाने, त्यामुळे तिन्हीची तुलना करायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी समजते. राहायला वाकड, ऑफिस हिंजवडी फेज टू, माहेर नागपूरला मानेवाड्याला. हे पत्ते सांगायचं कारण पुढे येईलच, खरं तर अख्खा रिव्ह्यूच या पत्त्यांवर उभा आहे.

तर ऑपरेशनची तारीख ठरली त्या रात्री मी फोनवर टाकलं, पुणे नागपूर विमानाने किती अंतर, किती वेळ. पाच-सहा साइट उघडल्या आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं. एक म्हणते ६०५ किलोमीटर, दुसरी ६२०, तिसरीने सरळ ३७६ लिहिलेलं, मी म्हटलं बाप्पा, नागपूर एवढं जवळ कधी आलं, मग खाली बघितलं तर बारीक अक्षरात मैल. ६०५ आणि ६२० चं कोडं नवऱ्याने सोडवलं, त्याला असल्या गोष्टीत फार रस (सामान भरायला मदत कर म्हटलं की मात्र रस संपतो). ६०५ म्हणजे लोहगाव ते सोनेगाव, विमानतळ ते विमानतळ, आणि ६२० म्हणजे पुणे शहराचा मध्य ते नागपूर शहराचा मध्य. दोन्ही आकडे बरोबर, आणि दोन्ही कावळ्याच्या कामाचे, कारण ते सरळ रेषेतले.

वेळेचं तर आणखीनच. एका साइटवर ४५ मिनिटं, एकीवर सव्वा तास, आणि तिकिटावर १ तास २५. ४५ वाल्यांनी काय केलंय, तर अंतराला ८०० ने भागलंय आणि हात झटकलेत, जणू विमान धावपट्टीवर उभ्या उभ्या ८०० च्या स्पीडला लागतं आणि तशाच स्पीडने सोनेगावला येऊन गपकन थांबतं. सव्वा तासवाल्यांनी चढण्या-उतरण्याचा म्हणून त्यात अर्धा तास मिळवलाय, ते बऱ्यापैकी पटतं. तिकिटावरचा वेळ हा अजून वेगळा प्रकार, विमान इकडे जागेवरून मागे सरकलं तिथपासून तिकडे जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंत, म्हणजे धावपट्टीपर्यंत रखडत जाणं, उडायची वाट बघणं, आणि वर कंपनीने पदरात ठेवलेली पाच-दहा मिनिटं, सगळं त्यात आलं. म्हणूनच कधीकधी विमान दहा मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं आणि मग ते वर माइकवर अभिमानाने सांगतात.

आणि सरळ रेषेत तर ते कधीच जात नाही. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, नागपूर आपल्या ईशान्येला. वारा बघून कधी विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग आकाशात मोठा वळसा मारून नागपूरकडे फिरतं. एकदा मी खिडकीतून बघितलं तर खाली चक्क आमच्या बाजूची वस्ती, मनात म्हटलं अरे दोन तास घालवून जिथून आले तिथेच परत आणलं की यांनी. पंख्याचं छोटं विमान मिळालं तर अजून वेळ धरा, त्याचा वेग ५०० च्या आसपास, मोठ्या जेटचा ८०० च्या पुढे, त्यामुळे बुक करताना विमान कुठलं ते बघत जा, तिथे लिहिलेलं असतं पण कुणी वाचत नाही.

आता माझी नोंद. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला शुक्रवार, फ्लाइट संध्याकाळी पाच चाळीसची. त्या दिवशी वर्क फ्रॉम होम होतं म्हणून निदान वाकडहून निघता आलं, फेज टूमधून निघायचं असतं तर अजून वेगळीच कथा. मी फोनमध्ये प्रत्येक टप्प्याला वेळ टाकत गेले.

१.५० ला घरून निघाले. कॅबवाले दादा मूळचे परभणीचे निघाले, ते म्हणाले ताई शुक्रवार आहे, देवाचं नाव घ्या. औंध, विद्यापीठ चौक, मग संगमवाडीकडून येरवडा, तिथून पुढे विमानतळाचा रस्ता, सगळं मिळून पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आणि लोहगावला उतरले तेव्हा वाजले होते ३.३५. म्हणजे पंचवीस किलोमीटरला एक तास पंचेचाळीस मिनिटं. हा आकडा लक्षात ठेवा.

नवीन टर्मिनल मात्र चांगलं आहे, यात वाद नाही. २०२४ च्या जुलैपासून ते वापरात आलं, त्याआधीचं जुनं ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा, तिथे बसायला खुर्ची मिळणं म्हणजे लोकलमध्ये विंडो सीट. आता मोकळं आहे, उजेड आहे, डिजियात्रा असेल तर आत शिरताना चेहरा दाखवून दोन मिनिटांत काम होतं. बॅग दिली, सिक्युरिटी झाली, ४.१० ला मी आत, हातात पन्नास रुपयांच्या लायकीचा दोनशेच्या वरचा चहा. मग नुसतं बसणं. हे बसणं टळत नाही, कारण बॅग द्यायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि पुण्याच्या ट्रॅफिकच्या भीतीने माणूस अजून तासभर आधी येतो, म्हणजे आपण आपल्या भीतीचे दोन तास विमानतळावर काढतो.

५.३५ ला दार बंद, ५.४२ ला विमान हललं. आणि मग थांबलं. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, प्रवासी विमानं तिथले पाहुणे, त्यामुळे यजमानांचं काम आधी. एकामागे एक दोन सुखोई उतरल्या, आवाज काचेतून सुद्धा छातीत जाणवतो, शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा सीटवर उभा राहायचा बाकी होता. मला या थांबण्याचा अजिबात राग आला नाही, उलट तिकिटात फुकट मिळालेला एअर शो.

तेवढ्यात फोन बंद करायच्या आधी आईचा कॉल. "कुठी पोचली?" म्हटलं अगं विमानात बसलेय, अजून पुण्यातच आहे. "अजून तिथीच? इथी तर अंधार पडून राहिला, दिवा लावून झाला माह्या." आणि माझ्या खिडकीत चांगला उजेड, ऊन अगदी धावपट्टीच्या गवतावर आडवं पडलेलं. नागपूर आपल्यापेक्षा पाच अंशांनी पूर्वेला आहे, एका अंशाला चार मिनिटं म्हटलं तर वीस मिनिटं आधी सूर्य तिथे, आणि हिवाळ्यात तर जरा जास्तच फरक पडतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. ५.५८ ला चाकं उचलली तेव्हा सूर्य टेकत होता, वर गेल्यावर तो परत थोडासा वर आला (खरंच येतो, उंचीवरून क्षितिज खाली जातं ना), आणि मग पूर्वेकडून एक गडद निळा पट्टा असा समोरून चालत आला आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं काळं. आपण रात्रीच्या दिशेने उडत होतो, रात्र आपल्या दिशेने येत होती. पाच फेऱ्यांमधली ही एवढी गोष्ट मला बसने कधीच दिली नसती. बसची खिडकी म्हणजे पडदा आणि त्यावर मागच्याने पुसलेला हात.

६.५६ ला सोनेगावला चाकं टेकली. म्हणजे हवेत ५८ मिनिटं. ७.०५ ला दार उघडलं, ७.२२ ला बॅग हातात आली, बाहेर माझा दादा गाडी घेऊन उभा होता, आणि बरोब्बर ८ वाजता मी मानेवाड्याच्या घरात. नागपूरचा विमानतळ ही या प्रवासातली सगळ्यात सुखाची गोष्ट, गावाला चिकटून आहे, बाहेर पडलं की वर्धा रोड, घ्यायला कुणी नसेल तर जवळच मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन, तिथपर्यंत ऑटो करायची आणि सीताबर्डीला उतरायचं.

तर एकूण सहा तास दहा मिनिटं, त्यातलं विमान हवेत ५८ मिनिटं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर त्याने लगेच भागाकार केला, घर ते घर, दोन्हीकडचे रस्ते धरूनही, सव्वाशे-दीडशे सोड, ताशी सरासरी जेमतेम १०३ पडली म्हणे. समृद्धीवर गाडीला १२० ची परवानगी आहे. मी विमानातून १०३ ने नागपूरला गेले.

आता याच्यावर लगेच कुणीतरी म्हणेल मग समृद्धीनेच जा ना. गेलोय ना, दिवाळीत गेलोय. समृद्धी जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला, मान्य, रस्ता लोण्यासारखा, पण पुणेकराला आधी अहिल्यानगर-संभाजीनगर करत तिथपर्यंत पोचावं लागतं आणि तो जो टप्पा आहे तो तुमची सगळी सरासरी खाऊन टाकतो. आम्हाला थांबत थांबत अकरा तास लागले, आणि एकसारखा सरळ रस्ता बघून नवऱ्याला डुलकी यायला लागली तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. एकटीने गाडी चालवत जायचा तर प्रश्नच नाही.

ट्रेनचं गणित वेगळं. आकाशातले ६०५ किलोमीटर रुळांवर ८८१ होतात, कारण गाडी दौंड-अहिल्यानगरवरून मनमाडला चढते आणि मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा अख्खा महाराष्ट्र दाखवत नेते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे-अजनी (अजनी म्हणजे नागपूरातलंच स्टेशन) वंदे भारत सुरू झाली, ती बारा तास घेते. गाडी छान आहे, स्वच्छ आहे, पण बारा तास बसून. दिवसभर. बाबांसारख्या माणसाला तो गुडघा घेऊन बारा तास खुर्चीत बसवायचं म्हणजे डॉक्टरचे पैसे पाण्यात. एकट्याला, हातात पुस्तक, डब्यात पोळीभाजी, अशा माणसाला मी आनंदाने सांगेन जा म्हणून, शेगावच्या आसपास बाहेर बघायला पण मस्त असतं. फक्त एक अख्खा दिवस जातो हे धरून चाला.

आणि बस. बसबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही, सात वर्षं तिनेच नेलंय-आणलंय. रात्री जेवून बसा, सकाळी नागपूर, तेरा-चौदा तास लागले तरी त्यातले सात-आठ तुम्ही झोपलेले असता, ते प्रवासात धरायचे की नाही हा खरा प्रश्न. ऑफिस बुडत नाही. पण वरच्या बर्थवर ब्रेकरला डोकं आपटून जागं होणं आणि पहाटे तीनला कुठल्यातरी धाब्यावर बायकांच्या बाथरूमची ती अवस्था, हे आता चाळिशीकडे जाताना जमत नाही बाबा.

परतीच्या फ्लाइटची एक कथा सांगितल्याशिवाय पाच फेऱ्यांचा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. जानेवारीतला रविवार, रात्री साडेआठची फ्लाइट. घरून साडेसहाला निघाले, आईने पिशवीत संत्री, मिरगुंडं, लाल तिखट आणि वर संत्रा बर्फीचे तीन डबे (पुण्याहून जाताना बाकरवडी न्यायची, येताना संत्रा बर्फी आणायची, हा कायदाच आहे). चेकइनला पंधरा किलो आणि हातात सात, आईचा या आकड्यांवर विश्वास नाही. काउंटरला १७.४ भरलं, मग तिथेच खाली बसून सगळ्यांसमोर बॅग उघडून संत्री हातातल्या पिशवीत भरली, मागच्या काकू म्हणाल्या "होते ना बाई असं, आईच्या घरून निघून राहिली तर होणारच." त्या पण नागपूरच्याच.

आत गेले आणि मेसेज यायला लागले. वीस मिनिटं उशीर. मग अजून पंचवीस. मग अजून तीस, आणि असंच पुढे. एकदम दोन तास वीस मिनिटं सांगत नाहीत हो, सोन्याच्या दुकानात घडणावळ जशी हळूहळू सांगतात तसं. कारण विचारलं तर ऑपरेशनल रीझन, या शब्दाचा अर्थ "आम्ही सांगणार नाही" असा घ्यावा. नियम असा आहे की अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं. कुणी आपणहून दिलं नाही, एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी काउंटरवर जाऊन शांतपणे नियम म्हणून दाखवला तेव्हा थंड सँडविच आणि ज्यूसचा डबा आला. सँडविच एवढं सुकं की मी पिशवीतलं एक संत्रं सोललं, दोन फोडी काकूंना दिल्या, आणि अर्ध्या गेटला वास सुटला.

रात्री १० वाजून ५० ला हललो, बारा वीसला लोहगाव. मग एरोमॉलपर्यंत (विमानतळाचं पार्किंग, कॅब तिथूनच मिळते) बॅग ओढत, कॅबचा रेट दुपारच्या दुप्पट, दोन कॅन्सल, तिसरा आला. रात्री पावणेदोनला वाकड. सव्वासात तास. त्या दिवशी नागपूरहून तेवढ्याच वाजता सुटलेली बस त्या वेळेला निम्म्याच्या वर आली असेल, आणि त्यातली माणसं झोपलेली असणार. मी सकाळी साडेनऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवला.

पण याच विमानाची चांगली बाजू बघायची असेल तर पहाटेची फ्लाइट घ्या. तिसऱ्या फेरीला मी ६.१० ची घेतली. ४.०५ ला वाकडहून निघाले, रस्त्यावर कुत्री आणि दूधवाले, पंचेचाळीस मिनिटांत लोहगाव, बॅग हातातलीच त्यामुळे पलीकडे पट्ट्यापाशी थांबणं नाही, आणि ८.०५ ला मी आईच्या ओट्याशी तर्री पोहे खात होते. चार तास. तेच अंतर, तेच विमान, तीच मी, आणि दोन तास दहा मिनिटांचा फरक. म्हणजे पुणे-नागपूर प्रवासाचा वेळ पुणे-नागपूरमध्ये ठरतच नाही, तो औंध ते येरवडा या पट्ट्यात ठरतो. माझी एक मैत्रीण विमाननगरला राहते, ती घरून वीस मिनिटांत विमानतळावर जाते आणि मला म्हणते एवढं काय त्यात, विमानाने तर पटकन होतं. तिच्याशी या विषयावर मी बोलत नाही.

बाबांना हे सगळं आकड्यांसकट सांगितलं तर ते हसले. बाबा पोस्टातून रिटायर झालेत. ते म्हणाले तुम्हाला दिवसाढवळ्या चार-सहा तास लागतात याचं कौतुक नको सांगू, १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही गावांची विमानं मध्यरात्री याच सोनेगावला एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळी पत्र दुसऱ्या टोकाला. देशाच्या मधोमध नागपूर, म्हणून इथे. त्यांनी स्वतः काही ते बघितलेलं नाही, वरच्या सीनियर लोकांकडून ऐकलेलं, पण सांगताना असं सांगतात की पिशव्या यांनीच उचलल्या.

रेटिंग द्यायचंच तर, अंतर सांगणाऱ्या साइटना पाचपैकी दोन, एक मार्क मैल बारीक अक्षरात लिहिल्याबद्दल कापला आणि बाकीचे ४५ मिनिटांबद्दल. पहाटेच्या फ्लाइटला साडेचार, अर्धा झोपेचा कापला. संध्याकाळच्या फ्लाइटला तीन, तेही खिडकीतल्या त्या निळ्या पट्ट्यामुळे, नाहीतर अडीच. रविवार रात्रीच्या परतीच्या फ्लाइटला दीड. तिकिटाचं म्हणाल तर मला जाताना कमीत कमी ३,९०० ला मिळालं आणि ऐन वेळी काढलं तेव्हा ८,२०० पडले, बस तेव्हा १,४०० ला होती. बसायला डावी-उजवीचा फार फरक नाही, फक्त पंखावरची सीट घेऊ नका आणि डिसेंबरात सूर्यास्ताच्या सुमाराची फ्लाइट असेल तर खिडकीपाशी बसा, अंधार येताना दिसतो.

बाबा आता काठी सोडून चालतायत. पुढच्या महिन्यात त्यांना पुण्याला आणायचंय, पहाटेची फ्लाइट बुक केलीय, व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलीय. आईने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय की व्हीलचेअरवाल्याला सामान पंधराच्या वर चालते का.